शरीर सावरतं, मन मागून येतं: गावाकडून सोलापूरला व्यसनाच्या उपचाराला येणाऱ्यांसाठी

माझा धाकटा भाऊ उपचाराला लागला त्याला चौथा महिना चालू होता. रात्री झोप लागत होती, अंग मोडून येणं थांबलं होतं, जेवायला बसला की दोन भाकरी संपवत होता. आई गावभर सांगत होती, "पोरगं सुटलं बघा." त्याच आठवड्यात दिवेलागणीला तो गोठ्यात बसून मला म्हणाला, "अण्णा, आता त्या गोळ्यांची आठवण येत नाही. पण कशाचीच येत नाही. उद्या उठायचं कशाला तेच कळंना."

आम्ही हादरलो. औषध चालू होतं, तारखा चुकत नव्हत्या, मग हे कुठून आलं? शरीर दोन-तीन आठवड्यांत सावरतं आणि मन त्याच्या बरंच मागून येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अपघाताची धास्ती, कर्ज, बापाचं अचानक जाणं, असं जे जे नशेनं वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं असतं ते नशा उतरल्यावर वर येतं. आणि नेमकं तेव्हाच घरचे निवांत होतात, सोबत येणं बंद करतात.

आमचं गाव करमाळा तालुक्यात. सोलापूर शंभराच्या वर किलोमीटर. भावाबरोबर खेटे घालता घालता पुढे इतर घरांबरोबरही जाऊ लागलो: मंगळवेढ्याचे, सांगोल्याचे, अक्कलकोटच्या सीमेवरचे. आम्ही जे धडपडून शिकलो ते नव्यानं उपचाराला लागणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असावं, म्हणून हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस डॉक्टरच ठरवतील. बाकीचं बरंच काही आपल्या हातात असतं.

आधी एक समजून घ्या: हा कोणता आजार

अफूवर्गीय व्यसन म्हटलं की लोकांना गर्द, ब्राऊन शुगर आणि मुंबईचे फूटपाथ आठवतात. पण खोकल्याचं कोडीनवालं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, पेंटाझोसिनची इंजेक्शनं, अफू हे सगळं त्याच कुळातलं. 'शक्तीची' म्हणून विकली जाणारी कामिनी नावाची गोळीसुद्धा, कारण तिच्यात अफू असते. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेली पाहणी 2019 मध्ये आली. तिच्यानुसार देशात साधारण 2.1 टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ वापरतात आणि सुमारे 77 लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

मी पाहिलेल्या घरांत दार बहुतेक दुखण्यातूनच उघडलं. माझा भाऊ उसाच्या ट्रॉलीवरून पडला, कंबर धरली, कुणीतरी गोळी दिली, दुखणं थांबलं. मग गोळी घेतल्याशिवाय कामावर जाणं जमेना. मजा करायला कुणी गेलं नव्हतं. हे घरच्यांना पटलं की अर्धी शिवीगाळ थांबते.

पायरी 1: निघण्यापूर्वी एक कागद लिहा

ओपीडीत डॉक्टरांसमोर मिनिटं थोडी मिळतात आणि घाबरलेला माणूस निम्मं विसरतो. म्हणून घरीच वहीत लिहा: काय घेत होतो, दिवसाला किती, किती वर्षं, शेवटचं कधी. रिकामी पाकिटं, बाटल्या टाकून देऊ नका, पिशवीत घालून न्या. त्याबरोबर घेतलेलं बाकीचंही लिहा. दारू, शिंदी, झोपेच्या गोळ्या, सगळं. ट्रामाडॉल जास्त घेणाऱ्यांना फिट येऊ शकते, आणि नैराश्यावरच्या काही औषधांशी त्याचं जमत नाही. डॉक्टरांना हे ठाऊक असलंच पाहिजे.

दुसऱ्या पानावर मनाचं लिहा, कारण ते कुणी आपणहून विचारेलच असं नाही. व्यसनाच्या आधीपासून धडधड, भीती, उदासी होती का? घरात आधी कुणी जीव दिला होता का? स्वतःच्या मनात तसं कधी आलं का? एखाद्या घटनेची स्वप्नं पडतात का? हे लिहिताना हात थांबतो, मला माहीत आहे. भावानं ते पान लिहून चार घड्या घालून खिशात ठेवलं होतं, ते तिसऱ्या भेटीला बाहेर आलं. तीन महिने वाया गेले.

पायरी 2: कुठे जायचं आणि कसं

सोलापुरात आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे मनोविकारांचा विभाग आहे. केसपेपर काढताना 'मानसोपचार' एवढं म्हटलं तरी पुरतं. खिडकीवर मोठ्यानं 'व्यसन' म्हणायची गरज नाही. खासगी मानसोपचारतज्ज्ञ शहरात आहेत, पंढरपूर-बार्शीकडेही चौकशी करा. अफूवर्गीय व्यसनावरची काही औषधं ठरावीक ठिकाणीच मिळतात, त्यामुळे एसटीत बसण्यापूर्वी फोन करून एवढंच विचारा: "ब्युप्रेनॉर्फिन मिळतं का, कोणत्या वारी?" व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. जवळचं केंद्र कुठलं ते तिथून कळतं.

प्रवास हा उपचाराचाच भाग धरा. पहाटेची गाडी, दिवसभर रांग, संध्याकाळी परत, एका दिवसाचा रोज बुडाला. पहिले काही महिने हे वारंवार करावं लागतं. मी पाहिलेली बरीच माणसं औषधानं नाही, या खेट्यांनी हरली. म्हणून दोन-तीन उपाय. आई, बायको किंवा बहीण सोबत येणार असेल तर मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी येऊ देऊ नका. आणि प्रकृती स्थिरावली की डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "आम्ही लांबून येतो, थोडे जास्त दिवसांचं औषध घरी देता येईल का?" विचारायला लाजू नका. लांबचा पल्ला ही खरी अडचण आहे, डॉक्टर ती लक्षात घेतात.

फोनवरून उपचार होतात का, असं सगळे विचारतात. समुपदेशन होतं, आणि चांगलं होतं. नैराश्याच्या बऱ्याच औषधांचा पाठपुरावाही होतो. पण 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं अशा सल्ल्यात लिहून देता येत नाहीत. त्यामुळे गोळीसाठी एसटी आणि बोलण्यासाठी फोन, अशी विभागणी करून चाला.

पायरी 3: औषध काय करतं ते कळू द्या

ब्युप्रेनॉर्फिन, बहुतेकदा नालॉक्सोनबरोबर एकत्र, ही जिभेखाली ठेवायची गोळी आहे. ती मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसते, पण झिंग न आणता तलफ आणि त्रास शांत करते. "एक नशा सोडून दुसरी धरली" असं गावात म्हणतील. तसं नाही. मधुमेहाला रोजचं इन्शुलिन असतं तसं हे. आणि औषध चालू असलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका औषध सोडलेल्यापेक्षा बराच कमी असतो, हे जगभर दिसून आलं आहे.

तीन गोष्टी पाळा. पहिला डोस अंग मोडायला लागल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हाच. शरीरात जुना माल असताना घाईनं घेतला तर एकदम जोराचा त्रास सुटतो, आणि माणूस समजतो गोळीच विषारी आहे. दुसरी, गोळी गिळायची नाही, जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. विरघळल्यावर पाण्यानं चूळ फिरवून पाणी गिळून टाका आणि ब्रश तासाभरानं करा, दातांना जपलं जातं. तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: यावर दारू नको, आणि गावच्या मेडिकलमधली झोपेची गोळी तर नकोच. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

काहींना नालट्रेक्सोन देतात. हे औषध अफूवर्गीय पदार्थांचा परिणामच अडवतं. ते सात ते दहा दिवस अफूवर्गीय काहीच घेतलेलं नसेल तरच सुरू करतात. ते बंद केल्यावर जुन्या मापानं घेतलं तर जिवावर बेततं.

घाम, बद्धकोष्ठता हे त्रास लोक सांगतात. न सांगितला जाणारा एक आहे. अफूवर्गीय पदार्थांनी पुरुषांमधलं संप्रेरक कमी होऊ शकतं, इच्छा कमी होते, थकवा आणि उदासी येते. नवरा-बायकोत त्यावरून अबोला धरला जातो आणि बायकोला वाटतं, याचं मन दुसरीकडे आहे. डॉक्टरांना एकांतात सांगा. तपासणी होते, उपाय असतो.

पायरी 4: मनाचं कॅलेंडर ओळखा

पहिला आठवडा शरीराचा. गर्दसारखी पटकन उतरणारी गोष्ट असेल तर आठ-बारा तासांत सुरुवात होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त, मग हळूहळू ओसरतो. तेव्हाची चिडचिड, रडू, घाबरणं यावरून कुणाला 'मानसिक रुग्ण' ठरवू नका. ते बहुतेक उतरणीचं असतं, औषध नीट बसलं की निवळतं.

खरं पाहायचं ते त्यानंतर. झोप तुटक राहणं, कशातच चव नसणं, हे कित्येक आठवडे, काहींना महिनोनमहिने राहतं. इतकी वर्षं आनंदाचा नळ बाहेरून उघडलेला असतो, मेंदूला तो स्वतः उघडायला वेळ लागतो. हे आधी माहीत असलं तर माणूस "मी बिघडलोच" असं समजत नाही. माझ्या भावाला हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे हे असं असतं होय? मग दम धरतो." एवढ्यानं त्याचं ओझं उतरलं.

पण दम धरण्याची हद्द असते. ती ओळखायला दवाखान्यातही दोन साधे प्रश्न विचारतात, तेच घरी वापरा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, हताश होतं का? बहुतेक दिवस कशातच रस वाटला नाही का? एकाचंही उत्तर हो असेल तर पुढची तारीख लांब असली तरी थांबू नका. त्याशिवाय ही लक्षणंही पाहा: अचानक छाती धडधडून 'आता मरतो' असं वाटणं, अपघात किंवा मारहाण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, कुणी आपल्यावर टपलंय असा पक्का संशय, नसलेले आवाज ऐकू येणं. शेवटची दोन दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ट्रामाडॉल सुटताना काहींना भास होतात.

डॉक्टरांनी नैराश्याचं औषध दिलं तर पहिल्या आठवड्यात फरक पडत नाही म्हणून सोडू नका. दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. व्यसनाचं औषध चालू ठेवूनच हे घ्यायचं असतं. "आधी व्यसन पूर्ण सुटू दे, मग मनाचं बघू" असं सांगणारे भेटतील. दोन्ही बरोबरच चालवायचं असतं. एक पाय सोडून दुसऱ्यावर उपचार केले तर चालताच येत नाही.

ज्यांनी इंजेक्शनं घेतली त्यांनी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांची तपासणी करून घ्या. हिपॅटायटिस सी मुळेही थकवा आणि मरगळ येते, तो औषधानं बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत आहे.

पायरी 5: बोलायला आपली भाषा, आपली जागा

"तुला काय होतंय?" विचारलं की आपल्याकडे गडी म्हणतो, "काय नाय." नैराश्य हा शब्द कुणी वापरत नाही. "जीव लागत नाही", "डोकं जड झालंय", "छातीत भरून येतंय", "करमंना" असं म्हणतात. डॉक्टरांसमोर हेच शब्द वापरा, शुद्ध बोलायच्या नादात गप्प बसू नका. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या पुष्कळ घरांत कन्नड बोलतात, शहरात विडी आणि यंत्रमागाच्या वस्त्यांत तेलुगू. एका पोराला मी मराठीत तासभर विचारत होतो, तो मान डोलवत होता. त्याच्या मामानं कन्नडमध्ये दोन वाक्यं विचारली आणि तो ढसाढसा रडला. समुपदेशन आपल्या भाषेत मिळेल का, हे विचारा.

टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. नंबर 14416, किंवा 1800-891-4416. चोवीस तास, आणि भाषा निवडता येते. रेंज नसलेल्या वस्तीवरून फोन करायचा तर टेकाडावर, विहिरीपाशी जावं लागतं. चालेल, तिथे ऐकणारं कुणी नसतं हे बरंच आहे. फोन करून काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा: "मी व्यसनाच्या उपचारावर आहे आणि मन ठिकाणावर नाही."

गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आशाताई असते. मदत खरी होते. पण आशाताई बऱ्याचदा भावकीतलीच असते, आणि गावात गोष्ट पारावर पोचायला वेळ लागत नाही. कुणाला सांगायचं ते रुग्णानं ठरवायचं, घरच्यांनी परस्पर नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि दारू व अमली पदार्थांशी निगडित मनाच्या अवस्था त्या कायद्यात येतात.

पायरी 6: जीव देण्याचा विचार आणि घरातलं औषध

हे मी सगळ्यात सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रत्येक घरात फवारणीचं औषध असतं.

मरणाचा विचार बोलून दाखवला की आपण म्हणतो, "असलं अभद्र बोलू नको." त्यानं विचार जात नाही, बोलणं जातं. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात भरते अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर पुढचं विचारा: कसं, कधी, काही जवळ आणून ठेवलंय का? आणि मग त्याला एकटं सोडू नका. त्याच्याच शेजारी बसून 14416 लावा, किंवा गाडी करून दवाखाना गाठा.

आता हात चालवायचे. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. फवारणीचं औषध, उंदराचं, धान्यात ठेवायच्या गोळ्या घरातून काढा. शेतातल्या खोलीत कुलूपबंद पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. जमत असेल तर लागेल तेवढंच फवारणीच्या दिवशी आणा, उरलेलं शेजाऱ्याच्या पेटीत ठेवा. आम्ही तीन घरांनी मिळून एकच पेटी केली. दोर, गोळ्यांचे साठे यावरही नजर ठेवा. ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही लहान मुलांच्या हाती लागता कामा नये, एकच गोळी लहानग्याला धोक्याची ठरू शकते.

विष घेतलंच तर उलटी काढायला जाऊ नका, मीठ-पाणी पाजू नका. ओले कपडे काढा, अंगावर सांडलं असेल तर धुवा, बाटली सोबत घ्या, 108 लावा. बरीच घरं इथे घोटाळतात, पोलीस केस होईल म्हणून अर्धा दिवस घालवतात. दवाखान्यात नोंद होते, ते खरं. पण 2017 च्या कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा नाही. जीव आधी.

पायरी 7: घर, गाव आणि दिवसाची आखणी

गावाची नजर हाही एक ताण आहे. "गोळीबाज" हा शब्द घरात कुणी उच्चारू नये, भांडणातसुद्धा. पैसे हातात देऊ की नको, यावर रोज वाद घालण्यापेक्षा एकदाच बसून ठरवा, त्याला विचारून ठरवा. लपूनछपून खिसे तपासले की विश्वास तुटतो, आणि विश्वास तुटला की तो त्रास सांगणंही बंद करतो.

आपल्या पट्ट्यात घरचे पहिला उपाय सुचवतात तो तुळशीमाळेचा. पंढरीला जाऊन माळ घाल, सुटेल. माळ जरूर घाला. वारीतली सोबत, रोजचं भजन, "माळकरी आहे" म्हटल्यावर आग्रह थांबणं, याचा आधार मी डोळ्यांनी पाहिला आहे. फक्त माळ घातली म्हणून गोळी बंद करू नका. आषाढीला चालत जाणार असाल तर तेवढ्या दिवसांचं औषध आधी मागून घ्या, कागद जवळ ठेवा. जेवणातून गुपचूप द्यायचं 'व्यसनमुक्तीचं चूर्ण' मात्र आणू नका. त्यात काय असतं कुणास ठाऊक, आणि फसवून दिलेल्या औषधानं विश्वास जातो.

झोप सांभाळा. ऐकायला साधं वाटतं, पण शेतीची वीज रात्रीची असली की दाऱ्यावर माणूस रात्रभर, आणि जागरणानंतरचा दिवस तलफेचा. पहिले सहा महिने रात्रीचं पाणी भावानं किंवा वाटेकऱ्यानं धरावं. उठायची वेळ एकच ठेवा, दिवेलागणीनंतर चहा नको. बाजाराचा दिवस, मजुरी हातात पडण्याचा दिवस, जुना कंपू बसतो ती टपरी, या तिन्ही धोक्याच्या जागा-वेळा आधीच ओळखून त्या वेळेला दुसरं काम लावून घ्या. माझ्या भावाला दोन शेळ्या घेऊन दिल्या. शेळ्या कुणाचं ऐकत नाहीत, वेळेवर सोडाव्याच लागतात. त्या शेळ्यांनी त्याला उठवलं, असं तो अजून म्हणतो.

आणि बायकोकडे, आईकडे बघा. तीन-चार वर्षं धास्तीत काढलेली बाई नवरा सावरल्यावर कोसळते. 14416 तिच्यासाठीही आहे.

पायरी 8: घसरलं तर

उपचारात असताना पुन्हा एकदा घेतलं जाणं, ज्याला केंद्रांत स्लिप म्हणतात, पुष्कळांच्या बाबतीत होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. शिक्षा म्हणून औषध बंद करायला लावू नका, त्यानं धोका वाढतो.

हे मी फार महागात शिकलो. उपचाराच्या आधी आम्ही भावाला एका खासगी केंद्रात ठेवलं होतं. तीन महिने कोंडून ठेवलं, डॉक्टर क्वचित, औषध नाही, मनाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. बाहेर आल्यावर पाचव्या दिवशी त्यानं जुन्याच मापानं घेतलं. शरीराची सवय तोवर गेलेली असते, जुनं माप पेलत नाही. पहाटे आईला तो विचित्र घोरताना ऐकू आला. केंद्रातून, तुरुंगातून सुटल्यावर किंवा औषध सोडल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात.

ओळख अशी: हाक मारून, खांदा हलवून जाग येत नाही, श्वास मंद किंवा घरघर, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. 108 लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबत असेल तर तोंडानं श्वास द्या. पाणी, दूध, कांदा, चप्पल हे काही नको. दवाखान्यात पोचताच सांगा, "अफूवर्गीय घेतलंय." नालॉक्सोन नावाचं इंजेक्शन त्यावर उतारा आहे, लपवलं तर तो उशिरा मिळतो.

केंद्र निवडताना एवढं पाहा: मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात का, घरच्यांना भेटू देतात का, कुणाला बांधून ठेवत नाहीत ना. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालतं. चांगलं केंद्र कसं असतं ते कळायला तिथे फोन करून नुसतं विचारलं तरी उपयोग होतो.

किती दिवस?

हा प्रश्न पहिल्या भेटीपासून प्रत्येक घर विचारतं. महिनोनमहिने, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या हातानं, हळूहळू, आणि मन महिनोनमहिने स्थिर असताना. लग्न, पेरणी, कारखाने सुरू व्हायचा हंगाम, घरात कुणी गेलेलं असताना नाही. कमी करताना पुन्हा उदासी आली, झोप मोडली तर मागच्या डोसवर परत जाण्यात हार नाही.

माझा भाऊ अजून गोळी घेतो. शेळ्या आता नऊ झाल्या आहेत. महिन्यातून एकदा आम्ही पहाटेची गाडी धरतो, केसपेपर निघेपर्यंत बाहेर चहा घेतो, आणि आत गेल्यावर तो आता स्वतःच सांगतो, गेल्या महिन्यात करमलं की नाही ते.